हात लावला की सुटते

दुपारी दोनच्या सुमारास जिजा चटई घ्यायला आतल्या खोलीत गेली आणि सुनेला पाहून दारातच थबकली. प्रेरणा खाटेवर उताणी पडली होती. हात अंगाशी, पाय सरळ, तोंड जरासं उघडं. डोळे मात्र टक्क उघडे होते आणि सगळ्या अंगात तेवढेच हलत होते. छपराकडून भिंतीकडे, भिंतीकडून दाराकडे. दारात सासू दिसली तसे ते तिच्यावर येऊन खिळले. घशातून काहीतरी निघालं. बंद खोलीत मांजर अडकलं की दुरून ऐकू येतं तसं.

जिजाला काही विचारावं लागलं नाही. पोरीला आत सगळं कळतंय, सगळं ऐकू येतंय, एक बोट हलवायला ती जिवाचा आटापिटा करतेय आणि बोट हलत नाही, हे तिला ठाऊक होतं. उपायही ठाऊक होता. खांद्याला धरून एकदा हलवायचं. हात लागला की माणूस सुटतं.

ती दोन पावलं पुढे गेली आणि थांबली. मागून आनंदाबाई येत होती.

आनंदाबाई म्हणजे जिजाच्या नवऱ्याची, तुलारामची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून पंचवीस वर्षं ती माहेरीच होती आणि घरात तिचाच शब्द चाले. तिने जिजाच्या खांद्यावरून आत पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"अवो बाप्पा! हिले तं दाबून राहिलं कोणी!"

आता हात लावला आणि पोरगी सुटली, तर आनंदाबाई विचारणार, तुले कसं मालूम? या एका प्रश्नाच्या भीतीने जिजा जागची हलली नाही. पाच श्वास गेले असतील, नाहीतर दहा. प्रेरणा तिच्याकडे पाहत होती. आनंदाबाईच्या ओरडण्याने लिलाधर अंगणातून धावत आला, त्याने घाबरून बायकोचा दंड धरला, आणि प्रेरणा बुडता बुडता वर आल्यासारखा मोठा श्वास ओढून उठून बसली. कितीतरी वेळ नुसती रडली. मग पहिलं बोलली ते सासूशी.

"तुमी समोर उभ्या होत्या, आई. मी हाका मारून राहिली होती तुमाले."

"मले आयकू नाही आलं, पोरी," जिजा म्हणाली.

दिवाळी होऊन आठच दिवस झाले होते, शिंगाड्याचा भर होता. पवनीपासून आठ किलोमीटरवरच्या या गावात ढिवरांची तीसेक घरं. मच्छीमार सोसायटीने घेतलेला तलाव. पावसाळ्यानंतर शिंगाडे, बाकीचे दिवस मासळी. उजाडता उजाडता पुरुष डोंगा वल्हवत तलावात शिरत आणि बायका काठाकाठाने कंबरभर पाण्यात उभ्या राहून वेल उलटत. मग मोठ्या गंजात शिंगाडे उकडायचे, लिलाधरने ते मोटरसायकलवर पवनीच्या बसस्टँडवर न्यायचे, आणि दुपारी घरात जो तो जागा मिळेल तिथे आडवा व्हायचा. प्रेरणा तुमसरकडची, तिचे वडील राईस मिलमध्ये हमाल. लग्नाला सहा महिने झाले होते. पाण्यातलं काम तिने कधी केलं नव्हतं, पण तक्रार न करता शिकली होती.

जिजाला स्वतःला हे पहिल्यांदा झालं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती आणि लिलाधर पोटात होता. अशीच दुपार होती. जाग आली, समोरची भिंत दिसली, चुलीजवळ भांडी वाजलेली ऐकू आली, आणि उठायला गेली तर अंग उठेना. मग कोणीतरी ओल्या कपड्यांनी येऊन छातीवर बसलं. तोंड दिसत नव्हतं. ओझं मात्र खरं होतं, बरगड्या दबत होत्या, आणि त्या कपड्यांचं पाणी आपल्या कानात ठिबकतंय असं तिला वाटत होतं. सासूचा धक्का लागला तशी ती सुटली. सासूला वाटलं, दमून पडली होती.

ती कोणाला बोलली नाही, त्याला कारण होतं. त्याच गल्लीत मंदाबाई नावाची बाई राहायची. तिला झोपेत दाबतं हे सासरी कळलं आणि वर्षभरात नवऱ्याने तिला माहेरी नेऊन सोडलं. पोर मात्र ठेवून घेतलं. पुढे कितीतरी दिवस मंदाबाई बाजाराच्या दिवशी फाट्यावर येऊन उभी राहायची, शाळेतून सुटलेलं पोर लांबून दिसावं म्हणून. जिजाने तिला तिथे उभी पाहिली होती. पोटावर हात ठेवून तिने ठरवलं, आपण मरू पण बोलणार नाही.

ती मेली नाही, आणि ते सुटलंही नाही. महिन्यातून एकदोनदा यायचं, दमणूक जास्त झाली की जास्त. हळूहळू तिला त्याच्या सवयी कळत गेल्या. उताणं झोपलं की हमखास. झटापट केली की ओझं वाढतं. ओरडायला गेलं की श्वास आवळतो. आणि एकदा, लिलाधर चार वर्षांचा असताना, तापातून उठलेली जिजा इतकी थकलेली होती की तिने झटापट केलीच नाही. बस बाप्पा, म्हणाली, जितका बसशीन तितका बस.

आणि मग अंग बधिर होत होत खाटेतून खाली गेल्यासारखं झालं. खाली अंधार नव्हता. ती पवनीच्या रस्त्यावर उभी होती. दोन्हीकडे धानाची बांधी, ऊन, रस्त्याच्या कडेला बेशरमाची झुडपं, एकेक पान वेगळं दिसत होतं. आणि तिला पक्कं ठाऊक होतं की आपण घरी खाटेवर झोपलोय आणि हे सपन आहे. हे ठाऊक असूनही सपन मोडलं नाही. वाटलं, डावीकडे जावं, तर ती डावीकडे गेली.

पुढे सवय झाली. दहा वेळा दाबलं तर सहा वेळा ती तशी निसटायची. गावात लसीकरणाला येणाऱ्या नर्सबाईंकडे स्कूटी आली, तेव्हापासून जिजा सपनात स्कूटी चालवू लागली. जागेपणी तिने साधी सायकलही कधी धरली नव्हती. पण तिथे ती वैनगंगेच्या पुलावर भर वाऱ्यात सुसाट जायची, पदर खोचलेला, आणि कुठे चाललीस म्हणून विचारणारं मागे कोणी नसायचं. कधी सपन फसवायचंही. जाग आली म्हणून उठायची, अंगण झाडायची, चूल पेटवायची, आणि मग कळायचं की आपण अजून खाटेवरच पडलोय, हात हलत नाही. एकदा असं लागोपाठ तीनदा झालं. तेव्हापासून उठलं की ती शिंगाड्याचा काटा बोटाला टोचून पाहायची. दुखलं तर खरं.

हे सगळं एकोणतीस वर्षं तिच्या एकटीजवळ होतं.

प्रेरणाची गोष्ट एकटीजवळ राहणं शक्य नव्हतं. आनंदाबाईने दुसऱ्याच दिवशी नदीपलीकडच्या भगताला बोलावलं. त्याने प्रेरणाच्या दंडाला काळा दोरा बांधला आणि नियम सांगितले. दिवसा डोळा लागू द्यायचा नाही. रात्री मागच्या खोलीत एकटीने झोपायचं, उशाखाली लोखंडी विळा. तलावात पाय घालायचा नाही, वेल सडेल. नवऱ्याने तीन आठवडे अंगाला हात लावायचा नाही.

"लावला तं त्याच्यात शिरन ते," भगत म्हणाला.

लिलाधर मनाने वाईट नव्हता. पण आत्याच्या मांडीवर वाढलेला होता आणि घाबरला होता. "आत्या म्हणते तं तीन हप्ते पाहू ना," तो बायकोला म्हणाला, तिच्याकडे न पाहता.

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. धानाची पोती, जुनी जाळी आणि एक खाट. पहिल्या रात्री प्रेरणाने बाहेरून कडी लागलेली ऐकली आणि दार वाजवलं.

"कडी काहून लावता?"

"झोपेत उठून तलावाकडे जाशीन तं?" बाहेरून आनंदाबाई म्हणाली. "तुह्याच भल्यासाठी आहे."

दिवसा झोप नाही, रात्री भीतीने झोप नाही. आधी कोणाला न कळता महिन्यात एकदा व्हायचं ते आता दर दिवसाआड होऊ लागलं. डोळे मिटताच यायचं आणि हात लावायला कोणी नसायचं. प्रेरणाला दारात एक उंच माणूस दिसायचा, आत न येता नुसता उभा. दार बंद असून उभा. ती पंधरा दिवसांत वाळली. आनंदाबाई म्हणे, पाहा, आतून खाऊन राहिलं.

तलावावर जायची बंदी असल्यामुळे शिंगाडे सोलायचं काम प्रेरणाकडे आलं. एका सकाळी जिजा कंबर दुखते म्हणून घरी थांबली आणि तिच्याजवळ पोतं अंथरून बसली.

"दारातला माणूस उंच आहे का?" जिजाने विचारलं.

प्रेरणाचा हात थांबला. "तुमाले कोणं सांगितलं? मी तं कोणाले नाही सांगितलं."

"सांगितलं नाही कोणी. सकाळी कडी काढली की दाराच्या वरच्या चौकटीकडे पाहत राहते तू." मग आवाज उतरवून जिजा म्हणाली, "मले येते ते छातीवर बसते. ओल्या कपड्याचं."

प्रेरणा तिच्याकडे पाहत राहिली. "त्या दिवशी मंग... तुमाले मालूम होतं?"

"हो."

"अन् तुमी हात नाही लावला."

"नाही लावला," जिजा म्हणाली. तिने मान वर केली नाही.

प्रेरणा उठून गेली नाही. हातातला शिंगाडा सोलून झाल्यावर म्हणाली, "मंग सुटता कसं, ते तरी सांगा."

जिजाने सांगितलं. झटापट करू नको. तो उभा आहे तर राहू दे उभा. अंग सोडून दे, खाली जाऊ दे, घाबरू नको. खाली रस्ता आहे. तिथे आपल्या मनासारखं चालता येते. स्कूटीचंही सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगत होती, त्यामुळे बोलता बोलता तिचा चेहरा खुलला, आणि पोरीचा चेहरा खुलत नाहीये हे तिच्या ध्यानात आलं नाही.

तीन दिवसांनी प्रेरणाने तिला विहिरीजवळ गाठलं. डोळे सुजलेले होते.

"तुमी सांगितलं तसं केलं, आई. सोडलं अंग. मंग मी उठली. दार उघडं होतं. अंगणात गेली, तुमी चुलीपाशी होत्या. मी म्हटलं, सुटली. अन् तुमी माह्याकडे मान वळवली तं तो माणूस होता." तिने विहिरीचा काठ धरला. "मंग पुन्हा खाटेवर. पुन्हा उठली, पुन्हा अंगणात. चार वेळा. आता मी इथं आहो का नाही, हेच मले समजत नाही. तुमी खऱ्या आहा का?"

जिजाने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि करकचून दाबला. "खरी आहो. दुखते का? दुखते तं खरी आहो." पण मनातून ती हादरली होती. आपल्याला जिथून वाट सापडली तिथे पोरीला आणखी एक खोली सापडली होती, पहिलीहून वाईट. आपण नुसता हात लावायला हवा होता, आणि आपण तिला हे शिकवत बसलो.

"मले नाही जायचं कुठी," प्रेरणा म्हणाली. "मले स्कूटी नको. मले फक्त उठायचं आहे."

त्या संध्याकाळी आनंदाबाईने जेवताना सांगितलं की येत्या गुरुवारी प्रेरणाला भगताकडे नेऊन ठेवायचं. नऊ दिवस. सुटलं तर ठीक, नाहीतर तिच्या बापाला बोलावून घ्यायचं.

लिलाधरने घास तसाच ठेवला. "बापाले काहून?"

"घेऊन जाईन तिले. मंग काय घरात ठेवतो?"

तुलाराम खाली मान घालून भात कालवत होता. बहिणीपुढे तो बोलत नसे. प्रेरणा चुलीजवळ बसली होती, तिने पदर तोंडात धरला. जिजा वाढत होती. तिने डाळीचं भांडं जमिनीवर ठेवलं.

"मंग मलेही पाठवा," ती म्हणाली.

"तुले कायले?"

"मलेही दाबते. लिलाधर पोटात होता तवापासून."

आनंदाबाईचा आवाज चढला. "एकोणतीस वर्षं? एकोणतीस वर्षं घरात घेऊन राहिली तू ते? अन् आता सुनेले देलं!"

"कोणाले काही देलं नाही, बाई. एकोणतीस वर्षांत घरातलं कोण मेलं माह्यामुळं? तलाव आटला? लिलाधरले काही झालं? मले भगत नव्हता, दोरा नव्हता, कडी नव्हती. थकली की येते अन् कोणी हात लावला की जाते. इतकंच आहे ते. अन् ह्या पोरीले तुमी झोपूच देऊन नाही राहिले, मंग येणारच." जिजा सुनेजवळ जाऊन खाली बसली. "त्या दिवशी मी उभी राहिली. तुमच्या धाकानं उभी राहिली. आता नाही राहत."

तुलारामने ताट बाजूला सारलं. त्याने बहिणीकडे पाहिलं नाही, बायकोकडे पाहिलं.

"दुपारी असी डोळे उघडे ठेवून पडून राहे तू," तो सावकाश म्हणाला. "मी म्हणो, दमली, जागी आहे, पडू द्या. बाजूलेच तं राहो मी."

"हो."

"मी हात लावला असता तं?"

"तं सुटली असती."

तुलाराम उठला, हात न धुता बाहेर अंगणात जाऊन बसला. जिजाला वाटलं होतं तो चिडेल, घाबरेल, घरातून जा म्हणेल. त्या सगळ्याची तयारी तिने इतकी वर्षं केली होती. तो तिकडे पाठ करून रडेल याची तयारी तिच्याजवळ नव्हती.

गुरुवारी तुलारामने दोघींना एसटीत बसवलं आणि भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होती. तिने सगळं ऐकून घेतलं, हसली नाही, दचकलीही नाही. म्हणाली, सपन पडतं तेव्हा शरीर आपणहून ढिलं पडलेलं असतं, नाहीतर सपनात धावणारा माणूस खाटेवरून पडेल. कधी डोकं आधी जागं होतं आणि अंग मागे राहतं. छातीवर बसलेलं, दारात उभं राहिलेलं, ते उरलेलं सपन असतं, उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं. कितीतरी लोकांना होतं. पुरेशी झोप घ्या, रोज एका वेळी झोपा, कुशीवर झोपा, आणि हिला एकटीला कोंडू नका.

"काहींना याच्याच अलीकडे-पलीकडे आणखी एक गोष्ट होते," ती जिजाला म्हणाली. "स्वप्नात असताना कळतं की हे स्वप्न आहे. मनाप्रमाणे फिरताही येतं. तुम्हाला होतं का तसं?"

तुलाराम शेजारीच बसला होता. प्रेरणाने सासूकडे पाहिलं.

"नाही, बाई," जिजा म्हणाली.

मागच्या खोलीची कडी तुलारामने त्याच दिवशी उचकटून काढली. प्रेरणा लिलाधरजवळ झोपू लागली. झोपेत तिचा श्वास बदलला की तो दंड धरून हलवायला शिकला. महिन्याभरात तिचं येणं कमी झालं, गाल भरले. दंडावरचा दोरा तिने तसाच ठेवला. राहू द्या, म्हणाली, तोडायची भीती वाटते.

गावाने मात्र जिजाला सोडलं नाही. आनंदाबाई तिच्या हातचं पाणी घेईना, वेगळी चूल मांडून त्याच घरात राहिली. पाण्यात वेल उलटताना बायका जिजापासून चार हात लांब उभ्या राहू लागल्या. शिंगाड्याचं बी राखायला ठेवायचं होतं, तेव्हा सोसायटीच्या अध्यक्षाने तुलारामला बाजूला घेऊन सांगितलं की यंदा लिलाधरच्या मायचा हात नको लागायला. तुलाराम त्याच्याशी भांडला. त्याने काही बदललं नाही. जिजा रोज त्याच तलावात उतरत होती, त्याच बायकांमध्ये, आणि दुसरं कुठे जायला तिला जागा नव्हती.

एक जागा होती ती तुलारामने नकळत बंद केली.

तो आता दुपारी झोपत नसे. जिजा आडवी झाली की खाटेशेजारी जमिनीवर बसून जाळं विणायचा आणि डोळे तिच्यावर ठेवायचा. एकोणतीस वर्षांची चूक तो रोज दुपारी भरून काढत होता. तिचं अंग अडकायचं, ओझं येऊन बसायचं, ती ते सोडून देऊन खाली जायला लागायची, पायांखाली रस्ता लागायला आलेला असायचा, आणि तेवढ्यात त्याचा खरखरीत हात खांद्यावर पडायचा.

"सुटली का?"

"सुटली," ती म्हणायची.

त्याच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून तिला दुसरं काही बोलवत नसे. असे दोन महिने गेले. मग एका दुपारी, पौष संपता संपता, तिने पडल्या पडल्या म्हटलं, "आज हात नका लावू."

"काहून?"

मी तुमच्यापासून लांब जातो, सुसाट, आणि मले तिथं बरं वाटते, हे कोणत्या तोंडाने सांगावं? "पाहतो, आपल्या आपण सुटते का," ती म्हणाली. "डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं."

असं काही डॉक्टरीणबाईने सांगितलं नव्हतं, आणि तुलाराम तिथे होता. त्याने हातातल्या जाळ्याची गाठ आवळली. "बरं," म्हणाला.

ती मुद्दाम उताणी झोपली. ओझं आलं, कानात पाणी ठिबकू लागलं. उघड्या डोळ्यांनी तिला तुलाराम दिसत होता. त्याने जाळं खाली ठेवलं होतं. उजवा हात तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर, खाटेच्या काठावर, मूठ आवळून ठेवलेला होता. तो तिच्या डोळ्यांत पाहत होता, तिच्याबरोबर श्वास घेत होता. कपाळावर घाम होता. त्या दिवशी प्रेरणा आपल्याकडे कशी पाहत असेल ते जिजाला आता दिसलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं तेही दिसलं. ती अंग सोडू लागली. खाट खाली राहिली, ऊन दिसू लागलं.

हात खांद्यावर पडला. त्याने तिला दोनदा जोरात हलवलं.

"नाही राहवलं," तुलाराम म्हणाला. "नाही राहवलं मले, जिजा."

ती उठून बसली. श्वास जागेवर यायला वेळ लागला. तो अजून तिचा खांदा धरून होता आणि तिने तो काढून घेतला नाही.

"बरं केलं," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.